नेमाचे ओझे



नेम सुटला म्हणजे धर्मही सुटला असे मानून घरी बसलेली पुष्कळ माणसे आपल्यात आहेत. ती मठाकडे फिरकत नाहीत, वाटेत भेटली तर 'शरणु' म्हणतानाही मान खाली घालतात. आजचे हे चिंतन त्यांच्यासाठी आहे. तुम्ही त्यांपैकी असाल तर संकोच न धरता वाचा.

तरुणपणी मी अशाच एका मंडळात तीन वर्षे होतो. नावाचे येथे प्रयोजन नाही. पहाटे चारला उठणे, स्नान, लिंगपूजा, पठण, येथवर सारे गोडच होते. पहाटेची ती सवय आजही मला सोबत करते. पुढे नेम वाढू लागले. मंडळाबाहेरच्या घरी पाणी घ्यायचे नाही. सोयऱ्यांच्या लग्नाला जायचे तर आधी विचारायचे. दर सोमवारी एक वही उघडली जाई आणि कोणाचे काय चुकले ते सर्वांसमोर वाचले जाई. हळूहळू आम्हांला शिवापेक्षा त्या वहीचेच भय अधिक वाटू लागले. आपली चूक झाकण्यासाठी दुसऱ्याची सांगावी, हेही माझ्या हातून घडले आहे.

त्याच काळात आक्काच्या नव्या घराची घरभरणी होती. सकाळपासून राबून तिने ताट वाढले. मी हात जोडले आणि "नेम आहे" म्हणालो. तिने वाद घातला नाही. "अरे, पाणी तरी घे," एवढेच म्हणाली. मी तेही घेतले नाही. परतताना एस.टी. स्टँडवर तहानेने जीव कासावीस झाला, तेव्हा तेथल्या नळाला ओंजळ लावून प्यालो. तो नळ कोणत्या नेमात बसत होता? त्या दिवशी माझे मन तेथून उठले.

मंडळ सोडणे त्या मानाने सोपे गेले. कठीण होते ते नंतरचे. दोन वर्षे लिंग गळ्यात होते, पण वस्त्रातून काढून तळहातावर घेववेना. फसवले माणसांनी, आणि मी रुसलो शिवावर!

बसवण्णांचे चरित्र येथे मुद्दाम आठवा. पाल्कुरिकी सोमनाथांच्या तेलुगू बसवपुराणात बालबसवण्णा मुंजच नाकारतात. हरिहर कवींच्या रगळेत मात्र मुंज झालेली आहे. काही काळ वागवलेले जानवे ते पुढे टाकून देतात आणि बागेवाडी सोडून कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर, कूडलसंगमाला जातात. विद्वानांनी काय तो निर्णय करावा. मला हरिहरांची कथा जवळची वाटते, कारण तीत अंगावर वागवून पाहिल्यावर आलेला उबग आहे. आणि पाहा, कर्मकांडाला विटलेले बसवण्णा शिवाला विटले नाहीत. त्यांनी गाव सोडले ते त्याच्याकडेच जाण्यासाठी.

मग नेम नकोतच काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते शरणांना धरून होणार नाही. आयदक्की मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी गरजेहून अधिक आणले, तर पत्नी लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले. याहून कडक नेम कोणता? पण तो त्यांनी आपल्याच चुलीला लावला. शेजारणीच्या घरात किती मापे तांदूळ आहेत हे पाहायला लक्कम्मा गेल्या नाहीत. आमच्या वहीत आणि त्यांच्या नेमात हा भेद होता, तो कळायला मला फार उशीर लागला.

ज्यांना लिंग पुन्हा हाती घेण्याची लाज वाटते, त्यांनी शून्यसंपादनेतील नुलिय चंदय्यांची कथा वाचावी. गवत कापून दोर वळायचा आणि आलेल्या पैशांत जंगमदासोह करायचा, हे त्यांचे कायक. गवत कापण्यासाठी वाकले असता लिंग अंगावरून गळून पडले. चंदय्या ते न उचलता पुढे चालू लागले. मागून लिंगच त्यांची विनवणी करीत निघाले! अखेर मडिवाळ माचय्यांना मध्ये पडावे लागले. चंदय्यांनी लिंगाला परत घेतले, पण त्यालाही कायक लावून दिले: दोराचे पैसे आणून देण्याचे.

आक्काकडे मी सात वर्षांनी जेवलो. तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला.