कपाटाचा खरा रंग

आजीचं सागवानी कपाट माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं तेव्हा त्यावर गडद हिरवा ऑइल पेंट होता. ठिकठिकाणी पोपडे आलेले. मला ते फिकट निळं, मॅट आणि ‘डिस्ट्रेस्ड’ हवं होतं. म्हणजे रंग देऊन झाला की कडा पॉलिश पेपरने मुद्दाम घासायच्या, वस्तू जुनी वाटावी म्हणून.

बाबांना ते अजिबात पटलं नाही. “सागवानाला रंग फासतात का? सगळं खरवडून काढ आणि लाखेचं पॉलिश कर. लाकूड लाकडासारखं दिसू दे.”

रंग म्हणजे खोटेपणा, हा विचार जुना आहे. जॉन रस्किनने १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये लिहिलं, की एका पदार्थाला रंगवून दुसराच पदार्थ असल्याचं भासवणं ही फसवणूक आहे. पण इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला तो फसवणूक म्हणत नाही, कारण तिथे कुणी भरीव सोनं समजत नाही. दागिन्यावर मात्र तोच मुलामा फसवणूक ठरतो. म्हणजे प्रश्न झाकण्याचा नाही. बघणारा काय समजतो, याचा आहे.

या कसोटीवर माझा निळा रंग निर्दोष सुटतो. निळ्या लाकडाचं झाड असतं असं कुणालाच वाटत नाही. प्लायवूडवरचा लाकडी रेघांचा सनमायकाही सुटतो, जोवर सुताराने सागवानाचे पैसे लावलेले नाहीत. पण ‘डिस्ट्रेस्ड’ कडा अडकतात. न झालेली झीज त्या दाखवतात. गंमत म्हणजे खरी झीज कपाटावर होतीच. आजीचा किल्ल्यांचा जुडगा वर्षानुवर्षं आपटून कुलपाभोवती खळगा पडला होता. तो मी लांबी भरून बुजवणार होते आणि खोटी झीज पैसे देऊन करून घेणार होते.

इथवर विचार करून मी स्वतःवर खूश होते. मग रंगारी काका आले, बाल्कनीत बसले, तोंडाला रुमाल बांधला आणि कोरडंच घासायला लागले. हिरवी धूळ उडायला लागली.

दोन रात्रींपूर्वी फिनिश शोधताना मी वाचलं होतं, की जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात दहा लाख भागांमागे शिशाचे ९० भाग, ही मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. कपाटाचा रंग माझ्या जन्माआधीचा. शिसं शरीरात साठत जातं, आणि त्याचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाण माहीत नाही. हे मला ठाऊक होतं आणि मी काकांना सांगितलं नव्हतं. विसरले होते असं म्हणता आलं असतं. खरं कारण असं, की ते नाही म्हणतील किंवा पैसे वाढवतील अशी भीती होती.

कपाट काय लपवतं यावर मी आठवडाभर डोकं खाजवत होते. रस्किनची कसोटी मला लावली तर? समोरचा माणूस ती साधी धूळ समजत होता, आणि मी त्याला तसं समजू देत होते.

मी काम थांबवलं आणि सांगितलं. काका म्हणाले, “ताई, तीस वर्षं हेच करतोय.” मग आम्ही ठरवलं, की घट्ट बसलेला रंग तसाच ठेवून त्यावरच नवा द्यायचा. सुटलेले पोपडे तेवढे पाणी मारून ओले काढायचे, धुळीच्या कामाचा मास्क लावून, आणि सगळं ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. बाबांना हवं असलेलं उघडं, ‘खरं’ लाकूड मिळवायचं तर सगळ्यात जास्त धूळ काकांच्या छातीत गेली असती.

दोन दिवस जास्त लागले, त्याचे पैसे मी दिले. कपाट निळं झालं. कुलपाजवळचा खळगा तसाच आहे.

जाताना काकांनी विचारलं, “मग आधी इतकी घरं घासली, त्याचं काय?” एकदा डॉक्टरांकडून रक्तातलं शिसं तपासून घ्या, एवढंच मला सांगता आलं. त्यांनी मान हलवली आणि डबे उचलले.