रोपटे आणि अमानत

जून १९१८ मध्ये फ्रान्समधील बेलोच्या जंगलात जर्मन फौजेशी लढताना १८०० हून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले. त्याच जंगलातले ओकचे एक रोपटे फ्रान्सने अमेरिकेला भेट दिले. २३ एप्रिल २०१८ रोजी मॅक्रॉन आणि ट्रम्प या दोन अध्यक्षांनी फावडी हाती घेऊन ते व्हाइट हाउसच्या हिरवळीवर लावले. छायाचित्रे जगभर गेली. काही दिवसांतच किडीच्या भीतीने ते काढून विलगीकरणात ठेवावे लागले. तिथे ते तगले नाही. जून २०१९ मध्ये ही बातमी फुटली, तेव्हा मॅक्रॉन म्हणाले, दुसरे पाठवू.

यावर हसून मोकळे व्हावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. देणाऱ्याची नियत साफ असेल, नियमही चुकीचा नव्हता. पण मेलेल्या शिपायांच्या नावाने राष्ट्रे जे देतात-घेतात, ते त्यांचे स्वतःचे असते काय? कुर्बानी त्या शिपायांची. आपण सारे केवळ अमानतदार. आणि अमानत एका दिवसाच्या समारंभाने फिटत नाही, ती रोज राखावी लागते. भेटीदाखल दिलेली तलवार काचेच्या कपाटात विसरली तरी शाबूत राहते. रोपटे विसरणाऱ्याला माफ करत नाही. म्हणूनच आम्हाला रोपट्याची भेट अधिक प्रामाणिक वाटते. दुसरे रोप मिळेलही. छायाचित्रकार निघून गेल्यावर त्याची राखण कोण करणार, हे मात्र ते लावण्याआधीच ठरलेले असावे.