गोपूर आपलं, मग लूट कुणाची?

तासगावात ऋषिपंचमीला गणपतीचा रथ निघतो. हजारो माणसं दोर ओढत तो काशी विश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात. लहानपणापासून मीही त्या दोराला हात लावत आलोय. मागे सात मजली गोपूर. महाराष्ट्रात असं गोपूर विरळाच. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ मध्ये मंदिराचं काम सुरू केलं, ते १७९९ मध्ये पुरं झालं. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत भाऊंनी दक्षिणेतली देवळं पाहिली, त्यातून हे गोपूर आलं, असं आम्हाला कायम सांगितलं गेलं.

त्याच स्वाऱ्यांमधली दुसरी गोष्ट मला पंचविशीनंतर कळली, तीही फोनवर वाचताना. १७९१ मध्ये, तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, रघुनाथराव पटवर्धनांच्या घोडेस्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला. माणसं मारली गेली, शारदेची मूर्ती जागची हलवली गेली, स्वामींना मठ सोडावा लागला. मूर्तीच्या पुन्हा प्रतिष्ठापनेसाठी मदत पाठवली ती टिपू सुलतानानं. त्याची मठाला लिहिलेली कन्नड पत्रं १९१६ मध्ये उजेडात आली.

मी हे मामांना सांगितलं.

"अरे, ते पेंढाऱ्यांचं काम. आणि आपण होतो का तिथं?"

पेंढारी असतीलही. पण ते फौजेबरोबर आले होते आणि लुटीवर जगणार हे फौजेला ठाऊक होतं. मामांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. आपण तिथं नव्हतोच. पण मग गोपूर बांधतानाही नव्हतो. तरी पाहुण्यांना दाखवताना "आमचं गोपूर" म्हणतो. मी तर पटवर्धनांच्या घराण्यातलाही नाही. अभिमानाला नातं लागत नाही, मग लाजेच्या वेळीच वंशावळ का काढायची?

जर्मनीत हा प्रश्न कायद्यातच आला. होहेनझोलर्न हे प्रशियाचं राजघराणं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत ताब्यातल्या भागात त्यांची मालमत्ता जप्त झाली. १९९४ च्या कायद्यानं अशा जप्तीसाठी भरपाई ठेवली, पण पूर्वजानं नाझींना मोठा हातभार लावला असेल, तर वारसाला काही मिळणार नाही, अशी अट घातली. घराण्याच्या आजच्या प्रमुखानं २०२३ मध्ये हे दावे मागे घेतले. तो स्वतः नाझी नव्हता, त्याचा जन्मच १९७६ चा. त्याला शिक्षा कुणी देत नव्हतं. मुद्दा एवढाच होता, की पूर्वजाच्या नावावर काही मागायचं असेल, तर त्या पूर्वजाचा सगळा हिशेब उघडावा लागेल.

मला हे पटतं. अपराध वारशानं येत नाही. मी शृंगेरी लुटली नाही, त्यामुळे माझ्या माफीलाही फारसा अर्थ नाही. पण जबाबदारी वेगळी. कामावर मला दुसऱ्यानं लिहिलेला जुना कोड सांभाळावा लागतो. त्यातली चूक माझी नसते, पण ती दिसल्यावर लपवली, तर ते लपवणं माझं असतं.

तासगाव संस्थान १८४८ मध्येच खालसा झालं. राजे गेले, गोष्ट सांगणं आपल्याकडे राहिलं.

गेल्या वर्षी भाच्यानं गोपुराकडे बोट दाखवून विचारलं, "हे कुणी बांधलं?" मी भाऊंचं नाव सांगितलं. मग शृंगेरीचंही सांगितलं. तो जरा गप्प झाला. "मग आपण रथ ओढायचा का?"

"ओढायचा," मी म्हणालो. तो दोर धरून उभा राहिला, पण अधूनमधून मागे वळून गोपुराकडे बघत होता.