जुळलं तर आरपार

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीच्या बांध्यांमधलं धान गिरणीतून भरडून आलं की मूठभर तांदूळ उजेडात धरून बघावा. काही दाणे जवळजवळ काचेसारखे, तर काहींच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग. त्या डागात वेगळं काही भरलेलं नसतं. दाणा भरताना रात्री फार उष्ण गेल्या, तर स्टार्चचे कण सैल बसतात, मधल्या फटींत हवा राहते. स्टार्चमधून हवेत, हवेतून पुन्हा स्टार्चमध्ये जाताना प्रकाश पावलोपावली वळतो आणि विखुरतो. तेच धान उकडून भरडलं, तर कण फुगून एकजीव होतात, फटी बुजतात, डाग जातो. जिल्ह्यातल्या तलावांवर पौषात उतरणारं धुकं याच कुळातलं: पाणी नितळ, हवा नितळ, दोन्हींची मिसळण मात्र आंधळी. मग पारदर्शकता पदार्थाच्या अंगी असते, की शेजाऱ्याशी त्याचं किती जमतं यावर ठरते?

हा प्रश्न एका पातळ पडद्यात फार सुरेख मांडलेला आहे. त्या पडद्यातली द्रव स्फटिक ही वस्तू 1888 साली प्रागमधल्या फ्रीडरिश रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली. कोलेस्टेरॉलचं एक संयुग 145.5 अंशांना वितळून गढूळ झालं आणि 178.5 अंशांना स्वच्छ. मधल्या अवस्थेत ते वाहत होतं द्रवासारखं, पण त्याचे रेणू एका दिशेची आठवण धरून होते. त्यामुळे प्रकाश कोणत्या दिशेने शिरतो, त्यावर तो किती वळणार हे ठरतं. रेणूंच्या लांबीच्या दिशेने शिरला तर वक्रीभवनांक साधारण 1.5, आडवा आला आणि त्याचं कंपन रेणूंच्या लांबीला समांतर असलं तर 1.7 च्या आसपास.

1980 च्या दशकात अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी, आणि केंट स्टेट विद्यापीठात विल्यम डोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, अशा द्रवाचे मायक्रॉनभर आकाराचे थेंब प्लास्टिकच्या पडद्यात कोंडले. द्रव स्फटिक कच्च्या रेझिनमध्ये विरघळवायचा आणि अतिनील प्रकाश टाकायचा. रेझिन घट्ट होत जातं तसा तो आपणच थेंबाथेंबाने वेगळा पडतो. प्रत्येक थेंबात रेणूंची शिस्त असते, पण प्रत्येकाचा अक्ष निराळा. म्हणून पडदा दुधाळ. दोन्ही बाजूंच्या काचांवरच्या पारदर्शक, वीजवाहक थरांना साधारण साठ व्होल्टची प्रत्यावर्ती वीज दिली की सगळे अक्ष तिच्या दिशेने वळतात. समोरून येणाऱ्या प्रकाशाला आता थेंब आणि प्लास्टिक वेगळे कळत नाहीत, कारण प्लास्टिक मुळात 1.5 च्या जवळपासचं निवडलेलं असतं. काही मिलिसेकंदांत काच आरपार. बाजूने पाहिलं तर मात्र ती थोडी धुरकट दिसते, कारण जुळणी समोरच्या दिशेपुरतीच असते.

या शास्त्राचा एक धागा विदर्भातून जातो. शिवरामकृष्ण चंद्रशेखर 1951 मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. द्रव स्फटिकांना लांबट रेणूच लागतात, असा समज होता. 1977 मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक दाखवले. थेंबांच्या पडद्यांवर थेट काम मुंबईतही झालं, माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत. तिथे त्यात रंगद्रव्य मिसळून वीज दिल्यावरच्या वागण्यात काय फरक पडतो, ते तपासलं गेलं.

असा पडदा बैठकीच्या दालनात किंवा रुग्णालयाच्या खोलीत आडोसा म्हणून बसवतात. पण अंधार हवा असेल, तर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. दुधाळ असतानाही बहुतेक उजेड पुढेच जातो, उन्हाची तलखीही फारशी अडत नाही. थांबतं ते फक्त चित्र. आत कोणीतरी आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. मला तरी हा आडोसा भिंतीपेक्षा सभ्य वाटतो.

त्याची खरी खोड वेगळी. आरपार राहायला त्याला सतत वीज लागते, थोडीच, पण लागते. भारनियमन चालू असलेल्या गावात अशी खिडकी बसवली, तर वीज गेल्याबरोबर समोरची टेकडी दिसेनाशी होईल. मोटारीच्या पुढच्या काचेला तर हे मुळीच चालणार नाही. म्हणून उलट्या चालीचे पडदेही घडवले गेले. त्यांतले रेणू आधीच काचेला काटकोनात उभे केलेले असतात आणि वीज दिल्यावर आडवे पडतात. वीज नसताना काच स्वच्छ, दिली की दुधाळ. रेणू सुरुवातीलाच असे उभे करायचे, तर काचेच्या पृष्ठभागावर आधी वेगळी प्रक्रिया करावी लागते, आणि खर्च तिथे वाढतो.