मस्तकी लिंग, माथ्यावर शिवालय

कोल्हापूरकर देवीला हाक मारतो ती ‘अंबाबाई’ म्हणून. ताम्रपटांत आणि शिलालेखांत मात्र ती महालक्ष्मी आहे. या दोन नावांवरून गावात वाद झाले आहेत, आणि त्यात खरा प्रश्न असतो तो ती विष्णूची पत्नी की स्वयंभू आदिशक्ती, हा. मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर पोथीपेक्षा देवळाच्या दगडात अधिक स्पष्ट दिसते.

महालक्ष्मी हे नाव जुने आहे, यात शंका नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा सन ८७१चा संजान ताम्रपट सांगतो, की प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने आपल्या डाव्या हाताचे बोट महालक्ष्मीला अर्पण केले. अमोघवर्षाचा ओढा जैन धर्माकडे होता, तरीही संकटात त्याला ही देवी आठवली. ती कोल्हापूरचीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्याला महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभला आहे, असे बिरुदात मिरवू लागले. या राजांना जी लक्ष्मी ठाऊक होती ती शेषशायी विष्णूचे पाय चेपत बसणारी नव्हे. संकट निवारणारी आणि राज्य देणारी अशी ती होती.

गाभाऱ्यातली मूर्ती पाहा. काळ्या पाषाणाची, उभी, चार हातांची. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मागे सिंह. कमळ नाही, हत्ती नाहीत. मस्तकावर लिंग आहे. एरवी साडी, दागिने आणि किरीट यांमुळे भाविकाला यातले फारसे दिसत नाही. देवीमाहात्म्याला नंतर जोडल्या गेलेल्या प्राधानिक रहस्यात हेच वर्णन येते: म्हाळुंग, गदा, ढाल, पानपात्र आणि मस्तकी नाग, लिंग, योनी. त्याच प्रकरणात महालक्ष्मी ही तिन्ही गुणांची मूळ देवता आहे. महाकाली आणि महासरस्वती तिच्यापासून झाल्या. विष्णूला जी पत्नी मिळाली ती ‘श्री’सुद्धा तिचीच निर्मिती.

आता मंदिरात उभे राहा. मधल्या गाभाऱ्यात महालक्ष्मी, दोन्ही बाजूंना महाकाली आणि महासरस्वती. पोथीतली वंशावळ इथे दगडात मांडली आहे. पण मला सर्वांत विलक्षण वाटते ती वरची रचना. देवीच्या गाभाऱ्याच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, मातुलिंग नावाचे शिवालय आहे. मूर्तीच्या मस्तकावर लिंग, आणि मूर्तीच्या गाभाऱ्याच्या माथ्यावरही लिंग! ज्याने ही जागा ठरवली त्याने देवीची मूर्ती पुन्हा एकदा, इमारतीएवढी मोठी करून उभारली. हे योगायोगाने घडले, असे मी मानायला तयार नाही.

सारे काही एका दमात बांधलेले नाही. काळ्या दगडाच्या, कोनाकोनांच्या भिंती जुन्या, वरची विटा-चुन्याची शिखरे पुष्कळ नंतरची. मधल्या धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवावी लागली. १७१५ साली विजयादशमीला ती पुन्हा गाभाऱ्यात बसली. समोरचा लाकडी गरुड मंडप तर १९व्या शतकातला.

गरुड मंडप या नावातच एक नवा धागा आहे, कारण गरुड हे विष्णूचे वाहन. भृगू ऋषीने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, अपमान सहन न होऊन लक्ष्मी रुसली आणि करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, येऊन राहिली, अशी कथा घरोघरी रुजली. तिरुपतीहून दरवर्षी नवरात्रात देवीला शालू येतो तो याच नात्याने. ज्या भाविकांनी हे नाते जपले त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण जुन्या गाभाऱ्यापुढे हा मंडप जसा नंतर उभा राहिला, तशी आदिशक्तीपुढे ही कथाही नंतर येऊन बसली, असेच मला वाटते. चांगली गोष्ट अशी, की नव्याने जुन्याला पाडले नाही. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सवात मावळतीचे ऊन महाद्वारातून येते, त्याच गरुड मंडपातून, कासव चौकातून, पितळी उंबरा ओलांडून देवीच्या पायांशी पोचते आणि दिवसागणिक वर चढत तिच्या मुखापर्यंत जाते.

‘अंबाबाई’ या हाकेला मी म्हणूनच लोकांची चूक मानत नाही. अंबा म्हणजे आई, आणि प्राधानिक रहस्यही तिला सर्वांची आईच ठरवते. पोथी आणि गल्ली इथे एकच बोलतात.

ललिता पंचमीला देवीची पालखी विष्णूच्या कुठल्याही देवळाकडे जात नाही. ती जाते टेंबलाईच्या टेकडीवर, रुसलेल्या सखीची समजूत घालायला. तिथे कोहळा फोडला जातो आणि पालखी गावाकडे परत फिरते.