उसनवारीचे दोन रकाने

डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीत आठवीतला एक मुलगा राहत होता. इंग्रजीच्या पेपरात त्याने लिहिलं, ‘प्लीज बॉरो मी युवर पेन.’ बाईंनी त्यावर लाल गोल केला. पेपर घेऊन तो तळमजल्यावरच्या काकांकडे गेला. सोसायटीतल्या निम्म्या मुलांचं इंग्रजी काकांनीच सुधारलं होतं.

“अरे, लेंड म्हणजे उसनं देणं आणि बॉरो म्हणजे उसनं घेणं. वस्तू तीच. ज्याच्या हातून जाते तो लेंड करतो, ज्याच्या हाती येते तो बॉरो. कागद घे, दोन रकाने आख. लेंडखाली कोणाला काय दिलंस ते लिही, बॉरोखाली कोणाकडून काय आणलंस ते.”

लेंडचा रकाना भराभर भरला. बॅट, सायकलचा पंप, कोनमापक, अगदी वडापावचे वीस रुपयेसुद्धा, कोणी आणि कधी नेले त्यासकट. बॉरोखाली मात्र काहीच सुचेना.

“काका, मी कोणाकडून काही घेतच नाही.”

“व्याकरण आलं तुला,” काका हसले. “पण दिलेलं तोंडपाठ आणि घेतलेलं विसरायचं, ही माणसाची जुनीच खोड. घरी जा आणि कपाट उघड.”

कपाटात शेजारच्या ताईची गाइडं निघाली. मित्राचा रेनकोट निघाला. पाऊस संपून दिवाळी तोंडावर आली होती. आणि सगळ्यांत खाली, मे महिन्याच्या सुट्टीत नेलेलं काकांचं जाडजूड बांधणीचं पुस्तक.

तो ते परत द्यायला आला तेव्हा काका खूश झाले. कौतुकाने त्यांनी पहिलं पान उलटलं आणि गप्पच झाले. पानावर शिक्का होता: मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांच्या पुढाकाराने १८९३ साली हे ग्रंथालय उभं राहिलं, हे काकाच येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचे. (डोंबिवलीत वाचणारे पुष्कळ, तिथे पुस्तकं अशीच मुरतात.) शिक्क्याखालच्या परतीच्या तारखेची शाई पार विटली होती.

“काका, हे लेंडमध्ये लिहू की बॉरोमध्ये?”

“दोन्हीत लिही,” काका चष्मा पुसत म्हणाले. “उद्या सकाळी स्लो लोकलने ठाण्याला जाऊ. दंड किती होतो ते तूच काढ. गणित तरी बरं आहे ना तुझं?”