घोंगडी पसरल्यावर

घरात घोंगडी असेल तर ती बाहेर काढा. कपाटाच्या वरच्या फळीवर नाहीतर गादीच्या खाली, कुठंतरी ती घडी घालून ठेवलेली असते. नसेल तर सतरंजी घ्या, आणि तिच्यावर मनातली घोंगडी पसरा. झटकू नका. हळू उलगडा. घडीच्या रेघांवरून तळवा फिरवा. मग मधोमध न बसता एका कडेला बसा.

बसल्याबरोबर बोचेल. दख्खनी मेंढीची लोकर मऊ नसते. जाड असते, राठ असते, काळ्या केसासारखी. पोटरीला बोचेल, घोट्याच्या हाडाजवळ बोचेल. हलू नका. बोच नेमकी कुठं आहे ते बघा. दहाबारा श्वास जाऊ द्या. अंगातली ऊब लोकरीत उतरायला एवढा वेळ लागतोच. ती उतरली की लोकर तीच ऊब परत द्यायला लागते, आणि मघाची बोच कुठं गेली ते कळत नाही.

आता डोळे मिटा आणि बोटानं एक धागा पकडा. एकच. त्याच्यावरून वीतभर पुढं जा.

धागा सारखा नाही, हे बोटाला लगेच कळेल. इथं फुगलाय, पुढं पीळ घट्ट पडलाय, आणखी पुढं अगदी बारीक होऊन पुन्हा भरलाय. ही हातसुताची खूण. माझं आजोळ आटपाडी तालुक्यातलं. ओसरीवर चरखा असायचा, आणि त्याच्यावर कुणाचा हात कधी पडेल याचा नेम नसायचा. भाकऱ्या थापून झाल्या की थोरली मामी बसायची, गुरांचं आवरून आजी बसायची, दिवाळीला माहेरी आलेली माझी आई चार दिवस बसायची. तीन हातांचं सूत एकाच टोपलीत पडायचं. आजीला शेवटी शेवटी डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. पण विणून आलेल्या घोंगडीवर ती अंगठा फिरवायची, थांबायची आणि म्हणायची, "हे थोरलीचं. हिला घाई लई." आणखी थोडं पुढं जाऊन, "हे माझ्या लेकीचं बघ. सासरची आठवण आली का पीळ सैल पडतुय."

आईचं मन त्या दिवाळीत कसं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घोंगडीत ते तसंच्या तसं राहिलं होतं.

तुमच्या बोटाखाली जी फुगवटी आलीय तिथं थांबा. ती कातताना कुणीतरी मान वळवून कुणाशी तरी बोललं असेल. पोर रडलं असेल. नुसतं तेवढ्या क्षणाजवळ बसा.

मग धाग्याच्या मागं जा. सुताच्या आधी पेळू, पेळूच्या आधी पिंजण. धनुकलीच्या तातीवर लोकर उडत असते आणि ओसरीभर काळा धुरळा होतो. त्याच्याही आधी कातरणी. वर्षातून दोनदा मेंढरं ओढ्यात उतरवून धुवायची, उन्हात वाळू द्यायची, मग एकेकीला आडवी पाडून, पाय धरून कातरायची. कोकराची पहिली कातरणी झाली की त्या लोकरीला जावळ म्हणतात. माणसाच्या लेकराच्या पहिल्या केसांना जे नाव, तेच हे. जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ. बाळंतिणीसाठी, नव्या बाळासाठी ती बाजूला काढून ठेवायची पद्धत आमच्याकडं होती. या एका शब्दावर मी पुष्कळदा बसून राहिलेय. लेकरू आणि कोकरू यांच्यात त्या घरानं फार अंतर ठेवलं नव्हतं.

दख्खनी मेंढी वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते. घोंगडी दोन-अडीच किलोची धरली, तर तुम्ही आत्ता चार-पाच मेंढरांच्या एका अख्ख्या वर्षावर बसलेले आहात. ते वर्ष मनासमोर आणा. पावसाळ्यात गावचा माळ, कुसळं, तांबडी धूळ. दसरा-दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा निघतो. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं, कोंबडी, भांडी. कुणी कोकणात उतरतं, कुणी कृष्णा-वारणेच्या काठच्या मुलखात जातं. तिथं शेतकरी रानात मेंढरं बसवतात. बसवतात, हाच शब्द. रात्रभर कळप रानात बसतो, लेंडी-मुताचं खत पडतं, आणि त्याच्या बदल्यात धनगराला धान्य नाहीतर पैसे मिळतात. मेंढरानं नुसतं बसावं आणि जमीन कसदार व्हावी! या बसण्याकडं पुन्हा येऊ.

लोकर घरी आली, सूत झालं, की ताणा लावायचा दिवस. गल्लीत खुंट्या ठोकून ताणा पसरायचा. त्या दिवशी घरातल्या कुणालाच दुसरं काम नसायचं. आदल्या दिवशी चिंचोके भाजून, टरफलं काढून, दळून त्याची खळ शिजवलेली असायची. तिचा वास तुरट, थोडा करपलेला. अजून नाकात आहे. मामा कुंचा खळीत बुडवून धाग्यांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचा आणि आम्ही पोरं धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बोटांनी सोडवत त्याच्या मागून जायचो. सुटलेला धागा दिसला तर ओरडायचं नाही, हात वर करायचा. एवढाच नियम.

मग माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणणाराचे पाय, वर पसरलेला ताणा. मामा मागावर बसला की कमरेपासून खालचा जमिनीत आणि वरचा घरात असायचा. सणगर आणि खुटेकर धनगर पिढ्यान्पिढ्या असे जमिनीत पाय सोडून विणत आले. धोटा इकडून तिकडं जातो, हत्या ठोकला जातो, पुन्हा धोटा. त्या आवाजाशी तुमचा श्वास जुळतो का बघा. जात असताना आत, येत असताना बाहेर. जुळला नाही तरी चालेल. मामाचाही कधी कधी जुळायचा नाही, मग तो बिडी ओढायला उठायचा.

नवी घोंगडी मागावरून उतरली की ताठ असायची, पुठ्ठ्यासारखी. मला वाटायचं, झाली. एकदा मी तिची घडी घालून ठेवायला निघाले तर आजीनं हात धरला. म्हणाली, "माग सोडला म्हंजी घोंगडी पुरी झाली न्हाई. तिच्यावर बसाय लागतंय. माणसं बसल्याबिगार ती पुरी हुत न्हाई."

तेव्हा मला ते बोलणं नुसतं मायेचं वाटलं. पुढं समजलं, की त्यात लोकरीचं सगळं शास्त्र होतं. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, एकाच दिशेनं बसलेले. ओल, ऊब आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. जेन नावाचं जाड आंथरूण तर विणतसुद्धा नाहीत. लोकर पसरायची, भिजवायची, गुंडाळायची आणि तुडवत राहायची, म्हणजे तिचं आपोआप एकसंध कापड होतं. घोंगडीतही तेच होतं, फक्त फार सावकाश. खळ झडते, सूत दबतं, धाग्यामधल्या फटी भरत जातात. दहा-वीस वर्षं वापरलेली घोंगडी नवीपेक्षा दाट असते. ते दाटपण विणणाऱ्यानं दिलेलं नसतं. बसणाऱ्यांनी दिलेलं असतं, मेंढरं नुसती बसून रानाला कस देतात तसं.

इथं थोडा वेळ काहीच करू नका. तुमचं वजन खाली जातंय तेवढं राहू द्या.

आता बसलेली माणसं आठवा. माझ्या डोळ्यांपुढं खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेची रात्र येते. पौषातली थंडी. एक मामा सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात पार तमिळनाडूत, एक मुंबईला माथाडीत, मावश्या चार गावांना. यात्रेला मात्र सगळे. अंगणात घोंगडी पसरलेली. आधी तिच्यावर देवाची तळी उचलायची, भंडारा उधळायचा. मग तिच्यावरच जेवणं, तिच्यावरच गप्पा, पोरं तिच्यावरच कलंडायची. भंडाऱ्याची पिवळी पूड लोकरीत अशी शिरायची की पुढच्या यात्रेपर्यंत निघायची नाही. विहिरीच्या पाळीवरून दोघा मामांचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्या रात्रीही ते एकमेकांशी बोलले नाहीत, हे खरंच सांगते. पण एकाच घोंगडीच्या दोन टोकांना बसले होते, आणि पहाटे गारठा वाढला तेव्हा एकानं आपल्याकडची कड उचलून मधे झोपलेल्या दुसऱ्याच्या पोरावर ओढली. भिजत घोंगडं म्हणतात ना, तसं ते भांडण पुढंही बरेच दिवस भिजत पडलं. ओली घोंगडी वाळायला वेळ लागतो, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. कुणी पिळायला गेलं नाही.

खुर्च्या मोजता येतात. घोंगडीवर किती माणसं मावतात हे आजोळी कुणी कधी मोजलं नाही. दारात नवं माणूस दिसलं की आधी बसलेली माणसं न सांगता सरकायची. गुडघे पोटाशी यायचे, खांद्याला खांदा लागायचा.

आज आटपाडी-जत भागात माडग्याळ मेंढी जास्त दिसते. उंच, देखणी, मटणाला भाव देणारी. अंगावर लोकर थोडी. दख्खनी जिथं आहे तिथं कातरण्याची मजुरीच लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर माळावर टाकून दिलेली मी पाहिलीय. काळे पुंजके, बाभळीच्या काट्यांना अडकलेले. मला ते बघवत नाही. मेंढपाळाला दोष देण्याचा माझा हक्क नाही. त्याचं पोट आहे. पण त्या पुंजक्यांत किती बैठका न बसताच गेल्या, हे मनातून जात नाही.

पुन्हा घोंगडीवर या. तुम्ही कडेला बसलेले आहात, पुढं सगळी जागा मोकळी आहे. तिथं एकेक माणूस आणून बसवा. घाई नको. पहिलं ज्याची आठवण सोपी आहे ते. त्याचं बसणं कसं होतं? मांडी, उकिडवं, की एक पाय लांब करून? त्याच्या वजनानं घोंगडी जरा खाली दबू द्या. मग दुसरं. जे आता नाहीत, तेही. आणि ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांना दूरच्या टोकाला बसवा, तुमच्याकडं तोंड नसलं तरी चालेल.

सगळे आले की डोळे उघडा. तळवा एकदा लोकरीवरून फिरवा; जिथं तुम्ही बसला होतात तिथं ती कोमट लागेल. घडी लगेच घालू नका. दाराशी पाऊल वाजलं, तर जरा सरकून घ्या.